पंचवीस नंबरला ग्रेस

जपानात बुधवारी संध्याकाळी सात वाजता फुटबॉलचा सामना सुरू होतो, तेव्हा धारवाड-हुबळीच्या मधल्या नवनगरमध्ये दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. खतांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही दहा-बारा निवृत्त मास्तर त्या वेळी डबे खाऊन, चष्मे पुसून कॉम्प्युटरसमोर बसलेले असतो. कुणी कुणाला चेंडू दिला, तो पोचला की नाही, कुणी अडवला, कुणी डोक्यानं मारला, हे एकेक बटण दाबून नोंदवायचं, एवढंच काम. नोंदी कुठल्याशा परदेशी कंपनीला जातात. ती पुढं त्या कुणाला देते हे आम्हाला ठाऊक नाही, आणि मालकाला तरी ठाऊक असेल असं मला वाटत नाही. आमच्यापैकी कुणी जपान पाहिलेला नाही आणि फुटबॉलला तर जन्मात कुणी पाय लावलेला नाही.

मी एकतीस वर्षं धारवाडात मराठी शाळेत गणित शिकवलं. माझ्या शेवटच्या वर्षी दहावीच्या वर्गात अकरा मुलं होती. मी निवृत्त झालो आणि तुकडीही बंद झाली. मळमड्डीत आमच्या गल्लीत निवृत्तांची कमी नाही. सकाळी फिरायला जायचं, परत येऊन पेपर वाचायचा आणि मग दुपारपर्यंत कुणाला कुठला आजार आहे याची चर्चा करायची. मला त्या कट्ट्याचा वीट आला होता. एक दिवस जाहिरात वाचली: 'निवृत्त शिक्षकांना प्राधान्य'. मला वाटलं, चला, कुणाला तरी आपली किंमत कळली.

किंमत वगैरे काही नव्हतं. मालक तिशीतला इंजिनिअर, काचेच्या खोलीत बसणारा, दर दोन वाक्यांत 'ग्लोबल' म्हणणारा. आधी त्यानं तरुण पोरं घेतली होती. काम शिकली की सहा महिन्यांत ती बेंगळुरूला पळायची. मास्तर पळत नाहीत. त्यांना एका जागी बसायची सवय असते, बारीक अक्षर वाचायची सवय असते आणि दुसरं कुणी बोलावत नसतं. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं. ह्याला म्हणे स्पष्टवक्तेपणा.

आमच्या लोकांनी महिन्याभरात त्या ग्लोबल ऑफिसची शाळा करून टाकली. दाराजवळ मस्टर आलं. कोण उशिरा येणार असेल तर शेजारच्यानं त्याची सही ठोकायची, हा शाळेतला धर्मही आला. डबा एकच्या ठोक्याला. संशयास्पद पासांच्या याद्या तांबड्या शाईनं. दोन तट पडले, एक धारवाडचा, एक हुबळीचा, आणि पंख्याच्या वेगावरून त्यांची भांडणं सुरू झाली. मला मालकानं तपासनीस केलं. दोघं जण एकेका संघाच्या नोंदी करणार आणि मी त्यातला थोडा थोडा भाग पुन्हा बघून चुका काढणार. बोर्डाच्या पेपर तपासणीत मी बरीच वर्षं मॉडरेटर होतो. दुसऱ्याच्या चुका काढायचं मला कधी ओझं वाटलं नाही.

मार्चमध्ये त्यांच्या कपाचे सामने सुरू झाले. जपानात लीग वेगळी आणि हा कप वेगळा. लीग म्हणजे वार्षिक परीक्षा आणि कप म्हणजे घटक चाचणी, असं मी आमच्या लोकांना समजावून दिलं. पहिल्या फेऱ्यांत मोठ्या क्लबाला छोट्या क्लबाच्या गावी जाऊन खेळावं लागतं. गाव कसलं, डोंगराच्या पायथ्याशी मैदान, एका बाजूला गवताचा उतार, त्यावर प्लास्टिकचे रेनकोट घालून बसलेले चार लोक. मोठा क्लब तिथं आपले चांगले खेळाडू कशाला पाठवील? राखीव, दुखापतीतून उठलेले आणि म्हातारे पाठवतो. हरला तर म्हणतो, आमचं लक्ष लीगकडं होतं. जिंकला तर फोटो काढतो. असला हा कप, आणि त्यातल्या प्रत्येक पासाची नोंद धारवाड जिल्ह्यातल्या गणिताच्या मास्तरानं तपासायची.

माझ्या शेजारच्या टेबलावर अक्का बसत. आमच्याकडं शाळेतल्या बाईंना अक्कोर म्हणतात, त्याचं ऑफिसात नुसतं अक्का झालं. हुबळीच्या शाळेत त्या मराठी शिकवत. साठ-एकसष्टच्या असतील. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी सगळ्यांना वाटायच्या आणि खेळाडू पडला की "अगं बाई, लागलं की त्याला" म्हणून मोठ्यानं ओरडायच्या. मला असल्या माणसांचा फार त्रास होतो. एकदा मी त्यांना विचारलं, पेन्शन आहे, मुलगा कमावता आहे, मग हा उद्योग कशाला?

त्या म्हणाल्या, "घरी मला कोण काही विचारत नाही हो सर. सून चांगली आहे, वाईट नाही. पण भाजीत मीठ किती, हे सुद्धा आता तीच ठरवती. इथं मी बटण दाबल्याशिवाय चेंडू पुढं जात नाही."

मी हसलो. पण त्या थट्टा करत नव्हत्या. ती खुर्ची त्यांना खरोखरच हवी होती, एवढं मला त्या दिवशी कळलं. कळूनही मी पुढं जे केलं ते केलं.

त्यांच्याकडं नेहमी एकच संघ असे. त्या संघात पंचवीस नंबरचा एक खेळाडू होता, डावीकडचा बचावपटू. नाव पाठीवर इंग्रजीत असायचं, पण आम्हाला हजेरीचा क्रमांकच लक्षात राहतो. कानशिलं पांढरी झालेली, पस्तिशी उलटलेला. लीगमध्ये त्याला कुणी उभं करत नसे, फक्त कपाच्या बुधवारी बाहेर काढत. पळताना तोंड उघडं पडायचं. तरुण पोरं त्याच्या अंगावरून निघून जायची आणि तो मागून हात वर करून पंचाकडं दाद मागायचा. पंच बघायचासुद्धा नाही.

आमच्या प्रोग्राममध्ये एक सोय होती. एखाद्या खेळाडूचे पोचलेले पास ठरलेल्या टक्क्यांच्या खाली गेले की पडद्यावर त्याचा नंबर तांबडा होई. पंचवीस नंबर दर सामन्यात तांबडा व्हायचा, पण सामना संपेपर्यंत पुन्हा काळा झालेला असायचा. मे महिन्यात माझ्या ध्यानात आलं की तो जेमतेम काळा होतो, रेषेच्या एका केसानं वर. दरवेळी. गणिताच्या मास्तराला असला योगायोग पचत नाही.

मी त्याचे सगळे पास पुन्हा लावून पाहिले. एक चेंडू त्यानं पुढं मारला होता, पुढच्याच्या टाचेला निसटता लागून तो बाहेर गेला होता. नोंद: पोचला. दुसरा चेंडू समोरच्या संघाच्या माणसानंच अडवला, तो उडून योगायोगानं आपल्या माणसाकडं आला. नोंद: पोचला. बाकी सगळं काम चोख. इतर दहा जणांत एक चूक नाही.

मला लगेच कळलं, कारण हे मी एकतीस वर्षं पाहत आलो होतो. मूल्यमापनाला बसलेली असली दयाळू मंडळी. पोराला पस्तीसला दोन कमी पडले की पेपर पुन्हा पहिल्या पानापासून उलटायचा. कुठं समास सोडलाय, कुठं उत्तर चुकलंय पण पायरी बरोबर आहे, तिथं अर्धा, तिथं अर्धा, करत करत पोरगं काठावर आणायचं. मॉडरेटर म्हणून मी असले अर्धे अर्धे गुण शेकड्यांनी कापले आहेत. मला त्याचा अभिमान होता. दोन गुणांनी नापास म्हणजे नापासच, असं मी चारचौघांत सांगत असे.

मी अक्कांना बोलावलं आणि ते पास लावून दाखवले.

"लागला की हो त्याच्या पायाला," त्या म्हणाल्या. "लागला म्हणजे पोचला."

"आणि हा?"

"हा गेला की शेवटी आपल्याच माणसाकडं."

"अक्का, तुम्ही जपानच्या खेळाडूला ग्रेस देताय."

त्या ओशाळल्या नाहीत. "वय झालंय हो त्याचं. दोन पासानं काय जपान बुडतंय होय? मी कधी तिसरा दिला नाही बघा."

तिथं हसून सोडून द्यायचं होतं. दुसऱ्या कुणीही सोडलं असतं. मी मात्र तांबड्या शाईनं दोन पानी टिपण लिहिलं, वेळेसकट, आणि काचेच्या खोलीत नेऊन दिलं. मालकानं अक्कांना लेखी समज दिली, की पुन्हा झालं तर त्यांचं खातं बंद. खातं म्हणजे लॉगिन. ते बंद म्हणजे उद्यापासून घरी. टिपण मी दिलं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि मी ते लपवलंही नाही. दोन दिवस ऑफिसात माझ्याशी कुणी बोललं नाही. तत्त्वाची किंमत मोजावी लागते, असं मी स्वतःला सांगितलं आणि मान ताठ ठेवून डबा खाल्ला. अक्कांनी तिसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा पूर्वीसारखाच माझ्या डब्याच्या झाकणात ठेवला.

त्यानंतर त्यांनी एकही पास फुकट दिला नाही. जूनमध्ये पंचवीस नंबर तांबडा झाला आणि शेवटपर्यंत तांबडाच राहिला. सप्टेंबरात उपांत्यपूर्व फेरीचे दोन सामने झाले, त्यातही तसंच. अक्का पडद्याकडं बघत, ओठ मिटून, बरोबर बटण दाबत. मी त्यांचं काम मुद्दाम अधिक बारकाईनं तपासायचो. काही सापडायचं नाही. खरं सांगायचं तर मला थोडं वाईटच वाटायचं, पण ते चूक न सापडल्याचं की आणखी कशाचं, हे मी तेव्हा खोलात जाऊन पाहिलं नाही.

त्यांचा संघ मात्र पुढं पुढं जात राहिला. ऑक्टोबरात उपांत्य फेरीचा दुसरा सामना रविवारी सकाळी आमच्या साडेदहाला होता. त्याच दिवशी बेळगावला अक्कांच्या बहिणीच्या नातीचं बारसं निघालं. मालकानं रजा नाकारली. उपांत्य फेरी म्हणे ग्लोबल महत्त्वाची. शुक्रवारी अक्का माझ्याजवळ आल्या.

"सर, तुम्ही माझ्या जागेवर बसाल काय? माझ्याच नावानं. मी संध्याकाळच्या गाडीनं परत येते. रविवारी मालक येत नाही. मस्टरवर सही तेवढी करा."

मे महिन्यातलं टिपण लिहिणाऱ्या माणसाकडं त्या आल्या, कारण तपासणीही माझ्याचकडं होती. शिवाय त्यांना माझी खात्री होती. सरांचं काम म्हणजे काटा, असं त्या इतरांना सांगत. मी मोठ्या मनानं हो म्हटलं. उपकार करायला मिळाला की माझ्यासारख्या माणसाला फार बरं वाटतं.

रविवारी ऑफिसात मी एकटाच, समोरच्या संघाच्या नोंदी करणारे त्या दिवशी घरूनच करत होते. मी अक्कांच्या खुर्चीत बसलो, त्यांच्या उशीवर, त्यांचं लॉगिन उघडून. पंचवीस नंबर खेळत होता. गॅलरीत माझ्या वयाचा एक माणूस पंचवीसचा आकडा लिहिलेला पुठ्ठा छातीशी धरून बसला होता, बसस्टँडवर पाहुण्याची वाट बघतात तसा. कॅमेरा दोनदा त्याच्यावर गेला. समालोचक जपानीत काय बोलत होता ते देव जाणे, पण आवाजावरून कळत होतं की ह्या म्हाताऱ्याचा हा शेवटचाच हंगाम आहे.

आणि तो इतका वाईट खेळला की बोलायची सोय नाही. अर्ध्या तासात नंबर तांबडा. समोरचा पोरगा त्याला तीनदा चुकवून गेला, तिसऱ्यांदा गोल झाला. तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. मग सरळ होऊन पळायला लागला. उत्तरार्धात त्यानं एक लांब चेंडू मारला, डाव्या कडेनं, आणि तो सरळ जाहिरातीच्या फळीवर जाऊन आपटला. आसपास त्यांचा कुणी नव्हता. मी 'पोचला'चं बटण दाबलं.

हे चुकून झालं नाही. बोट घसरलं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. मला तो तांबड्यात दिसायला नको होता, एवढंच. त्यानंतर आणखी चार वेळा दाबलं. नंबर काळा झाला. संघ हरला, तो पुठ्ठेवाला उठून उभा राहिला, आणि मी माझ्या टेबलावर जाऊन माझ्या लॉगिननं त्याच नोंदी तपासल्या आणि बरोबर म्हणून सही केली. स्वतः लिहिलेला पेपर स्वतःच तपासला. बसमध्ये धारवाडपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो आणि मला चक्क हलकं वाटत होतं.

उपांत्य फेरीचे सामने ती परदेशी कंपनी स्वतःही बघते, हे मला माहीत नव्हतं. मंगळवारी पत्र आलं. मालकानं अक्कांना आणि तपासनीस म्हणून मला काचेच्या खोलीत बोलावलं. मोठ्या पडद्यावर त्यानं तो पास लावला. चेंडू गेला, फळीवर आपटला. त्यानं मागं नेऊन पुन्हा लावला.

"अक्कोरे, इदु एनरी?" त्यानं विचारलं. हे काय म्हणून.

अक्कांनी चष्मा पुसला आणि पडदा नीट पाहिला. तो पास त्यांनी जन्मात पहिल्यांदाच पाहिला होता. त्या वेळी त्या बेळगावात पाळण्याची दोरी धरून उभ्या होत्या. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी बोलायला हवं होतं. वाक्य सोपं होतं: त्या दिवशी मी बसलो होतो. पाच शब्द. पण मग माझं मे महिन्यातलं टिपण माझ्याच अंगावर उलटलं असतं, मस्टरवरची खोटी सही बाहेर आली असती, आणि धारवाडच्या तटासमोर, हुबळीच्या तटासमोर, मळमड्डीच्या कट्ट्यासमोर मी ग्रेस देणारा ठरलो असतो. मालक मला म्हणाला, "सर, तुमच्या नजरेतून कसं सुटलं? पण एवढ्या नोंदी, एखादी सुटायचीच." त्यानं मला माफसुद्धा करून टाकलं.

"माझ्या नावावर आहे म्हणजे माझंच," अक्का म्हणाल्या.

खातं दुपारी बंद झालं. त्यांनी उशी पिशवीत घातली, डबा घेतला, सगळ्यांना येते म्हणाल्या. मी त्यांच्यामागं जिन्यापर्यंत गेलो. खालून युरियाचा वास येत होता. दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "तो पास मी दिला नसता हो. त्याच्या जवळपास कुणीसुद्धा नव्हतं."

आवाजात राग नव्हता. पेपर तपासताना शेजारच्या परीक्षकाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं आणि कठड्याला धरून उतरून गेल्या. त्यांची दया सुद्धा माझ्या काट्यापेक्षा बिनचूक होती. हे समजायला मला साठी गाठावी लागली, आणि समजूनही मी जिना चढून परत माझ्या टेबलाशी गेलो.

नोव्हेंबरात अंतिम सामना झाला. शनिवारी सकाळी. दोन्ही मोठे क्लब, भरलेलं स्टेडियम, पेनल्टीवर निकाल, कागदाचे चकचकीत तुकडे उडाले, आणि वर्षभर ज्यांचं लक्ष लीगकडं होतं ती सगळी मंडळी चांदीचं भांडं उचलून रडली. अक्कांच्या जागी आता अमरगोळच्या बाजूचे एक निवृत्त पी.टी. मास्तर होते. ते पासापेक्षा खेळाडूंच्या पोझिशनवर जास्त बोलायचे. मी एकेक नोंद काट्यावर तपासली. एकही चूक सापडली नाही, आणि मला सामन्यातलं काहीही आठवत नाही.

त्या दुपारी मी घरी न जाता हुबळीची बस धरली. मालकाला सांगण्याआधी अक्कांना सांगायचं, मग दोघांनी सोमवारी जायचं, असं मनात जुळवलं होतं. वाक्यं पाठ केली होती. दार सुनेनं उघडलं. मुलगी खरंच चांगली होती. तिनं मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. अक्का आतून आल्या, हाताला लसणाचा वास, आणि भिंतीशी स्टुलावर बसल्या. चहात साखर किती हे सुनेनं मला विचारलं आणि अक्कांचा बिनसाखरेचा हे त्यांना न विचारता ठरवलं.

"कोण जिंकलं हो?" अक्कांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

चहा ठेवताना सून कौतुकानं म्हणाली, "आम्ही किती सांगितलं, आई, एवढ्यात कशाला सोडता, मन रमतंय तर जावा की. पण ह्यांनाच कंटाळा आला म्हणे. एका दिवसात सोडून दिलं. होय की नाही हो सर?"

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या कपातला चहा बशीत ओतत होत्या. खोलीत आम्ही तिघंच होतो, आणि पाठ केलेली वाक्यं माझ्या तोंडात होती.

"होय," मी म्हणालो. "त्यांनीच सोडलं."